कर्जत व खालापूर परिसरातील पाळीव कासवे व सरीसृप

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत घरी, शेतघरी अथवा विहिरीत कासव बाळगण्याची प्रथा जुनी आहे. गेल्या काही दशकांत तिच्यात दुकानांतून मिळणाऱ्या परदेशी कासवांची व इतर सरीसृपांची भर पडली आहे. कासव पाळण्याची इच्छा असणाऱ्यांना येथे तीन वेगवेगळ्या प्रकारचे प्राणी भेटतात: ओढ्या-तळ्यांतील देशी कासवे, चोरट्या मार्गाने येणारे चांदणी कासव आणि दुकानात विकले जाणारे लाल कानाचे अमेरिकी कासव. या तिघांची कायदेशीर स्थिती, गरजा व आयुर्मान एकमेकांपासून भिन्न आहेत. देशी वन्य कासव घरी ठेवणे हा भारतात गुन्हा आहे. परदेशी कासव पाळण्यास काही अटींवर मुभा असली, तरी ते दोन ते चार दशकांची जबाबदारी ठरते आणि ते नदीत सोडून देणे स्थानिक जलजीवनास घातक ठरू शकते.

नाव व वर्गीकरण

'कासव' हा मराठी शब्द संस्कृतातील 'कश्यप' या कासववाचक शब्दाशी जोडला जातो. कूर्म, कच्छप व कमठ हे त्याचे संस्कृत पर्याय होत. मराठीत पाण्यातील व जमिनीवरील अशा दोन्ही प्रकारच्या प्राण्यांना 'कासव' हा एकच शब्द आहे. त्यामुळे व्यवहारात एक मोठा गैरसमज निर्माण होतो. प्रत्येक कासवाला पोहता येते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः भूकासवांचे पाय खांबासारखे जाड असतात व बोटांमध्ये पडदा नसतो. खोल पाण्यात टाकल्यास ती बुडून मरतात. गोड्या पाण्यातील कासवांच्या बोटांत पडदा असतो व त्यांचे कवच तुलनेने चपटे असते. सागरी कासवांच्या पायांचे वल्ह्यांत रूपांतर झालेले असते.

कासव हे सरीसृप वर्गातील प्राणी होत. साप, सरडे, पाली, घोरपड व मगर हे याच वर्गातील इतर प्राणी आहेत. बहुतेक कासवांचे रक्त परिसराच्या तापमानानुसार थंड-उष्ण होते. पिंजरा, टाकी वा कुंड यांतील तापमान त्यांच्या पचनशक्तीवर व आरोग्यावर थेट परिणाम करते. कवच हे घरासारखे बाहेरून पांघरलेले नसून बरगड्या व मणके यांचाच तो भाग असतो. कासव कवचातून बाहेर येऊ शकत नाही आणि कवचाला इजा झाल्यास त्याला वेदना होतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

कर्जत तालुक्यातून उल्हास नदी वाहते व पुढे वसईच्या खाडीला मिळते. खालापूर तालुक्यातून पाताळगंगा वाहते व धरमतरच्या खाडीकडे जाते. या दोन्ही नद्यांना सह्याद्रीतील जलविद्युत केंद्रांचे पाणी मिळते. खोपोली येथील केंद्राचे पाणी पाताळगंगेत, तर भिवपुरी येथील केंद्राचे पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यात सोडले जाते. परिणामी इतर ओढे मार्च-एप्रिलमध्ये आटले, तरी या नद्यांच्या काही पात्रांत बारमाही प्रवाह असतो. खालापूर तालुक्यात चौकजवळ मोरबे धरणाचा जलाशय आहे. याशिवाय भातखाचरे, गावतळी, देवस्थानांची तळी व विहिरी ही कासवांची आश्रयस्थाने होत.

मुंबई, नवी मुंबई व पुणे या शहरांच्या मधोमध असल्यामुळे या दोन तालुक्यांत शेतघरे व दुसरी घरे मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. अनेक शेतघरांच्या आवारात शोभेची तळी असतात. शहरातील सदनिकेत न मावणारे कासव अशा तळ्यात आणून सोडणे सोपे जाते. पावसाळ्यात तळे भरून वाहू लागले, की त्यातील कासव ओढ्यात व तेथून नदीत जाऊ शकते. पाळीव कासवांचा प्रश्न या भागात वेगळ्या रूपाने समोर येण्याचे हे एक कारण आहे.

स्थानिक देशी कासवे

झडपी कासव: याचे शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा असे आहे. पाठ मऊ, कातडीने झाकलेली व गोलसर असते. मागचे पाय आत घेतल्यावर त्यांवर पोटाच्या बाजूच्या दोन झडपा बंद होतात, यावरून हे नाव पडले. ते तळी, भातखाचरे व संथ ओढे यांत राहते आणि बेडूक, मासे, गोगलगायी, कीटक, मृत प्राणी व पाणवनस्पती खाते. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर ते चिखलात स्वतःस गाडून घेते व पावसाची वाट पाहते. विहीर वा तळे उपसताना चिखलात निपचित सापडलेले कासव मेलेले असेलच असे नाही.

काळे कासव: याचे शास्त्रीय नाव मेलॅनोकेलिस ट्रायजुगा असे आहे. कवच कठीण, गडद तपकिरी वा काळे असून पाठीवर तीन उभ्या कडा असतात. ते पश्चिम घाटात व लगतच्या सखल भागात आढळते. दिवसा काठावर ऊन खाताना व संध्याकाळनंतर अन्न शोधताना ते दिसते.

पहिल्या पावसात, मासे प्रवाहाविरुद्ध शेतात चढतात त्या वलगणीच्या दिवसांत, कासवेही पाण्याबाहेर पडतात. खाचरांचे बांध, गावरस्ते व महामार्ग ओलांडताना ती लोकांच्या दृष्टीस पडतात. बहुसंख्य कासवे याच वेळी हौसेपोटी किंवा दयेपोटी घरी आणली जातात. मात्र असे कासव हरवलेले नसते. ते अन्न, जोडीदार अथवा अंडी घालण्याची जागा शोधत असते. रस्त्यावर धोका असल्यास ते ज्या दिशेने चालले होते त्याच दिशेच्या कडेला उचलून ठेवणे पुरेसे असते.

चांदणी कासव

पिवळ्या रेघांच्या चांदण्यांसारख्या नक्षीमुळे हे भूकासव 'चांदणी कासव' किंवा 'स्टार कासव' या नावाने ओळखले जाते. शास्त्रीय नाव जिओकेलोन एलिगन्स असे आहे. भारताचा वायव्य भाग, आग्नेय भाग व श्रीलंका येथील कोरड्या झुडपी प्रदेशांत त्याचा नैसर्गिक आढळ आहे. कोकणातील दमट हवा त्यास मानवत नाही. कर्जत वा खालापुरात एखाद्या घरी चांदणी कासव असल्यास ते दुसऱ्या प्रदेशातून पकडून आणलेले असते, असे समजावे.

जगातील सर्वाधिक तस्करी होणाऱ्या भूकासवांत याची गणना होते. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' या कराराने 2019 मध्ये त्यास दुसऱ्या परिशिष्टातून काढून पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, घातले. घरात चांदणी कासव ठेवल्याने भरभराट होते, या समजुतीमुळे त्याची मागणी टिकून आहे. पिलांना बशीएवढ्या डब्यात भरून आणले जाते व वाटेतच त्यांपैकी अनेक मरतात.

लाल कानाचे कासव

डोळ्यामागील लाल पट्ट्यावरून हे नाव पडले. शास्त्रीय नाव ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलिगन्स असे आहे. मूळ प्रदेश अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे व मेक्सिकोचा ईशान्य भाग हा होय. दुकानात ते रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार व चपळ असे मिळते. या अवस्थेत त्याची लांबी सुमारे 3 सेंटिमीटर असते. पूर्ण वाढलेली मादी 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. नर तुलनेने लहान असतो. योग्य निगा राखल्यास ते 20 ते 40 वर्षे जगते.

'टाकी लहान ठेवली की कासवही लहान राहते' हा समज चुकीचा आहे. लहान टाकीत कासवाची वाढ खुंटते ती आजारामुळे व कुपोषणामुळे होय, आणि त्याचा शेवट बहुधा अकाली मृत्यूत होतो.

1980 च्या दशकाच्या अखेरीस व 1990 च्या दशकात कासवयोद्ध्यांच्या चित्रमालिका व चित्रपट यांमुळे पाश्चात्त्य देशांत या कासवांना मोठी मागणी आली. कासवे मोठी झाल्यावर ती तळ्यांत व नद्यांत सोडण्यात आली. युरोपीय संघाने 1997 मध्ये त्यांची आयात थांबवली. अमेरिकेत 4 इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे विकण्यावर 1975 पासून बंदी आहे. तिचे कारण मात्र निराळे होते. कासवांपासून लहान मुलांना होणारा साल्मोनेला जंतूंचा संसर्ग हे ते कारण होय. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या तज्ज्ञगटाने तयार केलेल्या जगातील 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचा समावेश आहे. भारतातही केरळसह काही राज्यांच्या जलाशयांत ते मोकळ्या स्थितीत सापडले आहे.

कायदेशीर तरतुदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 हा या विषयाचा मुख्य कायदा आहे. 2022 मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली व ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. या विषयाशी संबंधित तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

- शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणेच नव्हे, तर पकडणे, सापळा लावणे व तसा प्रयत्न करणे हेही येते. त्यामुळे ओढ्यातून संरक्षित कासव उचलून घरी आणणे हे कायद्याच्या दृष्टीने शिकारच ठरते.
- कलम 39 अन्वये असा वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे.
- झडपी कासव, चांदणी कासव व घोरपड हे प्राणी अनुसूची 1 मध्ये आहेत. या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास किमान 3 व कमाल 7 वर्षांचा कारावास आणि किमान 25,000 रुपये दंड अशी शिक्षा आहे.
- 2022 च्या सुधारणेने 'साइट्स' करारातील प्रजातींसाठी अनुसूची 4 निर्माण केली. हिरवा इग्वाना, बॉल अजगर व आफ्रिकी सुल्काटा भूकासव हे परदेशी प्राणी या करारात येतात. असे प्राणी बाळगणाऱ्यास नोंदणी करावी लागते. यासाठी केंद्र शासनाने 2024 मध्ये स्वतंत्र नियम काढले असून 'परिवेश 2.0' या संकेतस्थळावर नोंद करण्याची व्यवस्था आहे. प्राण्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतर यांचीही माहिती द्यावी लागते.
- कलम 62-अ अन्वये आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, विक्री, बाळगणे व प्रसार यांवर अधिसूचनेद्वारे नियंत्रण वा बंदी घालण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला आहे.

लाल कानाचे कासव देशी नसल्यामुळे त्यास देशी कासवांप्रमाणे संरक्षण नाही. दुकानांत ते उघडपणे दिसते ते यामुळे. मात्र प्राणी पाळणाऱ्यास प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 लागू असतोच. अन्न, पाणी व पुरेशी जागा न देता प्राणी कोंडून ठेवणे हा त्या अधिनियमाखाली गुन्हा आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले असून त्यांनुसार दुकानाची नोंदणी आवश्यक असते.

निवडीपूर्वी विचारात घ्यावयाच्या बाबी

कायद्याने मुभा असलेला सरीसृप पाळण्यापूर्वी पुढील बाबींचा विचार केला जातो.

आयुर्मान: दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टाखातर आणलेले कासव ते मूल तिशी-चाळिशीत पोहोचेपर्यंत जगू शकते. शिक्षण, नोकरी व विवाह यांमुळे मूल घराबाहेर पडल्यावर कासवाची निगा आई-वडिलांकडे व पुढे आजी-आजोबांकडे येते. सुल्काटा भूकासव तर माणसाच्या हयातीएवढे जगू शकते. त्याचे कवच 70 सेंटिमीटरहून मोठे होते व ते जमिनीत खोल बिळे खणते.

आकार व जागा: मोठ्या लाल कानाच्या कासवासाठी शेकडो लिटर पाण्याची टाकी किंवा कुंपणाचे तळे लागते. हिरवा इग्वाना शेपटीसह दीड मीटरहून लांब होतो. बॉल अजगर आकाराने लहान राहतो, परंतु त्याचे खाद्य उंदीर हे असते व घरातील सर्वांना ते मान्य असेलच असे नाही.

वीज व हवामान: सरीसृपांना उष्णता व अतिनील किरण यांची गरज असते. कर्जत-खालापुरात जून ते सप्टेंबर या काळात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही व मुसळधार पावसात वीजपुरवठाही खंडित होतो. नेमके याच काळात बंदिस्त कासवे श्वसनाच्या विकाराने आजारी पडतात. उलट एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखालील लहान टाकीचे पाणी धोकादायक पातळीपर्यंत तापते.

वैद्यकीय सोय: तालुक्याच्या ठिकाणचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यत्वे गाई-म्हशी, शेळ्या व कुत्री यांच्यासाठी असतात. सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यासाठी बहुधा मुंबई, नवी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. कर्जत स्थानकापासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस लोहमार्गाने सुमारे 100 किलोमीटर अंतरावर आहे.

स्वभाव: कुत्र्या-मांजराप्रमाणे कासव माणसाला लळा लावत नाही. खाऊ देणाऱ्यास ते ओळखते व पाहताच काचेजवळ येते, परंतु उचलणे, गोंजारणे वा हाताळणे त्यास आवडत नाही. ज्यांना निरीक्षणात आनंद वाटतो त्यांनाच ते मानवते.

निरोगी प्राण्याची लक्षणे: डोळे उघडे व स्वच्छ असावेत, नाकातोंडातून बुडबुडे येऊ नयेत, कवच टणक व दुर्गंधीरहित असावे, पाण्यात एका बाजूला कलून पोहू नये आणि उचलल्यावर पायांनी जोर करावा. नोंदणी वा खरेदीची पावती न देणाऱ्याकडून प्राणी घेऊ नये.

निगा

लाल कानाच्या कासवासाठी पाण्याची खोली त्याच्या कवचाच्या लांबीहून अधिक असावी व त्याला पूर्णपणे बाहेर येऊन कोरडे होता येईल असा उंचवटा असावा. पाण्याचे तापमान 24 ते 28 अंश सेल्सिअस व उंचवट्यावरील तापमान 32 अंशांच्या आसपास ठेवले जाते. अतिनील किरण काचेतून आत येत नाहीत. त्यामुळे खिडकीच्या तावदानाशी ठेवलेल्या काचेच्या टाकीतील कासवाला उन्हाचा उजेड मिळतो, पण त्याचा हाडांना होणारा लाभ मिळत नाही. अतिनील दिव्याची शक्ती काही महिन्यांनी कमी होते व तो पेटत असला तरी बदलावा लागतो.

पिले मांसाहार अधिक करतात, प्रौढ कासवे वनस्पती अधिक खातात. कासवांसाठी तयार केलेले दाणे, पाणवनस्पती, हिरवा पाला व अधूनमधून लहान मासे असा मिश्र आहार योग्य मानला जातो. केवळ सुकी कोळंबी दिल्यास चुना व जीवनसत्त्वांची कमतरता होते. पालकाच्या भाजीतील ऑक्झॅलेट चुना शोषू देत नाही, म्हणून ती रोजचा आहार म्हणून देत नाहीत. भात, पोळी, बिस्किटे व दूध हे कासवाचे अन्न नव्हे.

सामान्य आजार

- मऊ कवच: चुना व 'ड' जीवनसत्त्व यांच्या अभावी कवच व हाडे मऊ होतात, पाय वाकडे होतात.
- सुजलेले डोळे: 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता किंवा घाण पाणी हे नेहमीचे कारण असते. डोळे मिटलेले कासव अन्न पाहू शकत नाही व उपाशी राहते.
- श्वसनविकार: तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातून बुडबुडे येणे, तिरके पोहणे ही लक्षणे होत.
- कवच सडणे: सतत ओले राहिल्याने व जखमेतून जंतू शिरल्याने कवचावर मऊ, दुर्गंधीयुक्त चट्टे पडतात.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या शरीरातही साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व दुर्धर आजाराचे रुग्ण यांना त्यांपासून गंभीर आजार होण्याचा संभव असतो. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि टाकी स्वयंपाकघरातील मोरीत न धुणे हे साधे उपाय होत.

विहिरीतील कासव

पाणी स्वच्छ राहते या समजुतीने विहिरीत कासव सोडण्याची रीत कोकणात व देशावर जुनी आहे. कासव किडे, बेडूक व कुजलेले अन्न खाते हे खरे आहे. परंतु ते त्याच पाण्यात मलविसर्जनही करते, म्हणून पिण्याचे पाणी त्याच्यामुळे शुद्ध होत नाही. बांधीव, उभ्या कडेच्या विहिरीतून कासवाला बाहेर येता येत नाही. ऊन खाण्यास व अंडी घालण्यास जागा नसते. मादी असल्यास अंडी पोटात अडकून तिचा मृत्यू होऊ शकतो. चांदणी कासवासारखे भूकासव विहिरीत सोडल्यास ते बुडते.

मोकळे सोडण्याचे दुष्परिणाम

कंटाळलेले वा अडचणीत आलेले पालक पाळीव कासव नदीत, देवळाच्या तळ्यात किंवा धरणात सोडतात. यामागे बहुधा दयेची व पुण्याची भावना असते. तिचे परिणाम मात्र पुढीलप्रमाणे होतात.

लाल कानाचे कासव देशी कासवांशी अन्नासाठी व ऊन खाण्याच्या जागांसाठी स्पर्धा करते. बंदिस्त अवस्थेत लागलेले रोगजंतू ते नव्या पाण्यात नेते. ते आक्रमकपणे खाते व उष्ण हवामानात त्याची वाढ झपाट्याने होते. या कासवात पिलाचे लिंग अंड्याभोवतीच्या तापमानावर ठरते व उबदार जमिनीत मादी पिले अधिक निपजतात. पाताळगंगा व उल्हास यांसारख्या बारमाही प्रवाहांत अशा कासवाला उन्हाळाही काढता येतो, ही बाब या परिसरात विशेष महत्त्वाची आहे.

देशी कासव परत सोडतानाही काळजी घ्यावी लागते. अनेक वर्षे टाकीत राहिलेले कासव आजारी असू शकते व दुसऱ्या खोऱ्यातील कासव येथे सोडणे योग्य नसते. म्हणून कोणतेही पाळलेले कासव स्वतः न सोडता वन विभागाच्या स्वाधीन करणे, हाच मार्ग सांगितला जातो. महाराष्ट्र वन विभागाचा 1926 हा मदत क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातही कळवता येते. तेथून प्राणी तपासणीसाठी उपचार केंद्राकडे पाठवला जातो.

इतर सरीसृप

घोरपड, अजगर, धामण, नाग व इतर देशी साप हे पाळण्याचे प्राणी नाहीत. नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजण्याची सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील परंपरा न्यायालयीन आदेशांनंतर बंद झाली. मांडूळ हा बिनविषारी साप 'दुतोंड्या' या नावाने ओळखला जातो. तो धनलाभ करून देतो या अंधश्रद्धेतून त्याची तस्करी होते. त्याला दोन तोंडे नसतात, त्याची शेपटी तोंडासारखी बोथट असते एवढेच. घरात शिरलेला साप पकडण्यासाठी सर्पमित्रास बोलावले जाते. पकडलेला साप घरी ठेवण्याचा अथवा त्याचे प्रदर्शन करण्याचा अधिकार सर्पमित्रासही नसतो.

सांस्कृतिक संदर्भ

विष्णूच्या दशावतारांत कूर्म हा दुसरा अवतार आहे. महाराष्ट्रातील अनेक शिवमंदिरांत नंदी व गाभारा यांच्यामध्ये फरशीवर दगडी कासव कोरलेले असते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रिये आवरणाऱ्या स्थितप्रज्ञाला अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाची उपमा दिली आहे. कासवी केवळ नजरेने आपल्या पिलांचे पोषण करते, ही कल्पना मराठी संतवाङ्मयात वारंवार येते. प्रत्यक्षात कासवी अंडी घालून निघून जाते व पिले जन्मापासून स्वतःच अन्न शोधतात. 'कासवगती' हा शब्दप्रयोग व सशा-कासवाची गोष्ट सर्वपरिचित आहे.

अलीकडे वास्तू व भरभराट यांच्याशी कासवाचा संबंध जोडला गेल्याने जिवंत कासवांची मागणी वाढली. धातूचे वा दगडाचे कासव ठेवण्याची प्रथा मात्र कोणत्याही प्राण्यास बाधक नाही.

पाळण्यास पर्याय

कासवांविषयी जिज्ञासा असणाऱ्यांना ती न पाळताही पाहता येतात. पावसाळ्यानंतर संथ ओढ्याच्या काठावरील दगडांवर सकाळी ऊन खाणारी काळी कासवे दुरून, दुर्बिणीने पाहता येतात. पुण्याच्या कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सर्पोद्यान आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास येथे ऑलिव्ह रिडले या सागरी कासवाच्या घरट्यांचे संरक्षण सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांच्या सहकार्याने सुरू केले. तेथील कासव महोत्सवात पिलांचा समुद्रप्रवेश पाहण्यासाठी दूरवरून लोक येतात. कासवाची अंडी पूर्वी जेथे खाण्यासाठी व विकण्यासाठी गोळा केली जात, तेथे आज ती राखली जातात.

हेही पाहा

कासव
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972
उल्हास नदी
पाताळगंगा नदी
आक्रमक प्रजाती
वेळास